यादीतील नाव

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या धर्मग्रामातील घराघरांत एक काम ठरलेले असते. घरातील वडीलधारे माणूस कागदाचा तुकडा घेऊन बसते आणि आपल्या मृत आप्तांची नावे त्यावर लिहून काढते. २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. त्या दिवशी व पुढे महिनाभर मिस्सेमध्ये ज्यांचे स्मरण व्हावयाचे, त्यांची ही यादी असते. आमच्या घरी ती आत्याबाई लिहितात. त्यांचे वय आता नव्वदीच्या घरात आहे. अक्षर थरथरते, परंतु नावांचा क्रम कधी चुकत नाही. यादीतील पहिले नाव त्यांच्या आजोबांचे, म्हणजे आमच्या पणजोबांचे असते. त्या नावापुढे त्या दरवर्षी दोनच शब्द लिहितात : 'समुद्रात गेले'.

आम्ही लहान असल्यापासून ही कथा ऐकत आलो. पणजोबा वसईहून मुंबईस गेले, तेथे एका आगबोटीवर सलूनातील वाढपी म्हणून चाकरीस लागले, दोन फेऱ्या करून घरी आले आणि तिसऱ्या फेरीस गेले ते परतलेच नाहीत. काही महिन्यांनी त्याच बोटीवर असलेला शेजारच्या गावचा एक गृहस्थ घरी आला. ओटीवर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "त्याला समुद्राने नेला." एवढे बोलून तो उठला. पणजी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होती, पदरी दोन लेकरे होती. प्रेत नाही, म्हणून दफन नाही. दफन नाही, म्हणून चर्चच्या मृत्यूच्या वहीत नोंदही नाही. विवाहाची नोंद आहे, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत, आणि त्यानंतर कोरा कागद आहे. तो कोरा कागद आमच्या घराण्याने शंभर वर्षे मिस्सेच्या यादीने भरून काढला.

काही वर्षांपूर्वी परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या एका भाच्याने हौसेने पणजोबांचा शोध आरंभला. जुन्या जहाजांच्या कागदांतून आपला पूर्वज हुडकून काढण्याचा हा छंद हल्ली पुष्कळांना जडला आहे. आम्हीही त्यास उत्तेजन दिले. पणजोबांच्या बोटीचे नाव कळावे, ती कोठे व कशी बुडाली हे समजावे, जमल्यास मुलानातवंडांना सांगावयास एक गोष्ट मिळावी, एवढीच आमची अपेक्षा होती. हाती आले ते निराळेच. त्यावरून आमच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो आमच्या एका घराचा नाही असे वाटल्यावरून हे लिहावयास बसलो आहोत. मृतांच्या आयुष्याचा शोध घेण्याचा आम्हांला अधिकार आहे काय? आणि शोध लागल्यावर त्यांचे आम्ही काय देणे लागतो?

प्रथम हे कागद कोणते, ते सांगितले पाहिजे. ब्रिटिश जहाज परदेशी सफरीस निघण्यापूर्वी कप्तानाने प्रत्येक खलाशाशी लेखी करार करावा, असा तेथील कायदा होता. त्या करारपत्रावर खलाशाचे नाव, वय, जन्मस्थान, आधीची बोट, काम, पगार आणि रुजू झाल्याची तारीख असे. शेवटच्या रकान्यात तो बोटीवरून केव्हा, कोठे व कोणत्या कारणाने उतरला हे लिहावे लागे. सफर संपल्यावर हे कागद लंडनच्या सरकारी कचेरीत जमा होत. तेथे त्यांचे इतके डोंगर साचले की सांभाळणार कोण, हा प्रश्न पडला. शेवटी १८६१ नंतरच्या कागदांची वाटणी झाली. दहावा हिस्सा नमुन्यादाखल ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात राहिला. १८६५, १८७५, १८८५ अशा पाचाने संपणाऱ्या वर्षांचे उरलेले कागद ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाकडे गेले. बाकीचा फार मोठा भाग कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या मेमोरियल विद्यापीठाने आपल्याकडे नेला. म्हणजे आपला आजा १९०५ साली बोटीवर चढला असेल तर तो बहुधा ग्रीनिचला सापडावा आणि १९०७ साली चढला असेल तर कॅनडात, असा हा हिशेब आहे. ज्याने आयुष्यात कधी कॅनडाचे नाव ऐकले नसेल, त्याचे नाव तेथल्या एका थंडगार खोलीत खोक्यात जपून ठेवलेले असते!

त्यातही आपल्याकडच्या खलाशांची गोष्ट वेगळी. त्यांना 'लास्कर' म्हणत. हा शब्द आपल्या 'लष्कर' शब्दाचाच भाऊ. त्यांच्याशी होणारा करार बहुधा मुंबई, कलकत्ता अशा बंदरांत होई व तो निराळ्या कागदांवर लिहिला जाई. त्यामुळे विलायतेतील संग्रहांत गोऱ्या खलाशांची नावे जशी ओळीने सापडतात, तशी यांची सापडत नाहीत. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक लास्कर काम करीत होते. भट्टीपुढे कोळसा ओढणारे, डेकवरचे आणि सलूनात वाढणारे असे त्यांचे तीन ताफे असत. डेकवर सारंग व तांडेल यांचा हुकूम चाले. सलूनात गोव्याकडच्या कॅथलिकांचा भरणा असे. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतका. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोवेकर खलाशांचे जे गावोगावचे 'कुड' होते, तेथे एका फेरीतून आलेले व दुसऱ्या फेरीची वाट पाहणारे तारवटी गावच्या संताच्या तसबिरीपुढे एकत्र रोजरी म्हणत. आमचे पणजोबा गोव्याचे नव्हेत, पण सलूनातील माणसे ज्या वाटेने बोटीवर चढत, त्याच वाटेने तेही चढले.

नावांचा घोटाळा तर विचारू नये. आमच्या पूर्वजांना बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे मिळाली. त्यामुळे एकाच बोटीवर तीन डिसोजा आणि चार परेरा असावयाचे व त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही. गावात आम्ही एकमेकांस घराण्याच्या टोपणनावाने ओळखतो. ते टोपणनाव इंग्रज कारकुनाला कोण सांगणार? कानावर पडेल तसे तो लिहून घेई. कित्येकांचे वय अंदाजाने, गाव जवळच्या बंदराच्या नावाने. म्हणून भाच्याने न्यूफाउंडलंडहून मागविलेल्या कागदाची प्रत आली, तेव्हा आम्ही ती आठ दिवस पारखत होतो. नाव मोडके होते, पण वय जुळत होते, काम जुळत होते, सालही जुळत होते. जन्मस्थानाच्या रकान्यात 'बसीन' असे लिहिले होते. शेवटच्या रकान्यात पोर्ट लुई बंदराचे नाव होते, १९०७ च्या सप्टेंबरातील एक तारीख होती आणि कारण म्हणून एकच इंग्रजी शब्द होता. त्याचा अर्थ : बोट सोडून पळाला.

पणजोबांना समुद्राने नेले नव्हते. ते मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरले होते आणि बोट सुटली तेव्हा तिच्यावर नव्हते. इतकेच त्या कागदाने सांगितले. त्यापुढे पुन्हा कोरा कागदच आहे.

ज्या बेटावर ते उतरले, त्या बेटाचा इतिहास असल्याच याद्यांनी लिहिलेला आहे. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी गुलामांच्या जागी हिंदुस्थानातून करारबंद मजूर नेण्यास त्याच सुमारास आरंभ झाला. ॲटलस नावाचे जहाज असे छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले, तो दिवस २ नोव्हेंबर १८३४ चा होता. आम्ही ज्या दिवशी मृतांसाठी मेणबत्त्या लावतो, त्याच तारखेस मॉरिशसमध्ये हिंदी मजुरांच्या आगमनाचा दिवस पाळतात. हा योगायोग आहे हे आम्ही जाणतो. तरी तो कळल्यापासून त्या दिवशी कबरस्तानात उभे राहिलो असता आमचे मन समुद्रापार गेल्यावाचून राहत नाही.

त्यानंतर १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या मार्गाने त्या बेटावर उतरली. १८४२ पासून मुंबई बंदरातूनही सरकारी परवानगीने मजूर जाऊ लागले, आणि त्यांत कोकणातील मराठी माणसे होती. त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा व गणेशोत्सव तेथे अद्याप राखून ठेवला आहे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा पायऱ्या चढून ही माणसे बेटावर आली, त्या 'आप्रवासी घाटा'स युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान दिला. घाटावर उतरताच प्रत्येकाची नोंद होई : क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरील खुणा, आणि कोणत्या मळ्यावर पाठविले ते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या वह्या जतन करून ठेवल्या आहेत. तेथील माणूस आपल्या पणज्याचा क्रमांक घेऊन जातो आणि त्याला त्याचे मूळ गाव कळू शकते. कारकुनाने मजुराचे वा त्याच्या बापाचे जे नाव लिहिले तेच पुढे आडनाव होऊन बसले. म्हणून बाबाजी, सखाराम ही तेथे आज कुळांची नावे आहेत.

येथे विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. मजुराची नोंद इतकी तपशीलवार आणि खलाशाची इतकी त्रोटक, असे का व्हावे? मळेवाल्याचे मजुरावर अधिक प्रेम होते म्हणून नव्हे. मजूर करार मोडून निघून गेला तर तो ओळखता यावा, त्याला धरून आणता यावे, यासाठी उंची मोजली जात होती आणि अंगावरचे व्रण लिहिले जात होते. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पाडले. तिकीट नसेल तर भटक्या म्हणून अटक होई. ही छायाचित्रे उरली आहेत. ज्या खापरपणजीचा चेहरा कधी पाहावयास मिळेल अशी आशाही नव्हती, तिचा चेहरा हातात पडताच वंशजांच्या डोळ्यांस पाणी येते. ते पाणी खरे आहे. परंतु कॅमेऱ्यासमोर उभी असलेली ती बाई आपल्या पणतवंडांसाठी उभी नव्हती. ती पोलिसांसाठी उभी होती.

अशा रीतीने जुन्या कागदांतून आमच्यापर्यंत पोहोचलेला प्रत्येक पूर्वज दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून आलेला असतो. मळेवाल्यास हात हवे होते, त्याने हात मोजले. जहाजवाल्यास पगाराचा हिशेब हवा होता, त्याने हिशेब लिहिला. 'पळाला' हा शब्दही असाच आहे. लास्कराने करार पुरा करून आपल्या बंदरीच परत यावे, मधल्या बंदरात उतरून राहू नये, अशी कायद्याची सक्ती होती. ती मोडणारा पळपुटा आणि गुन्हेगार ठरे. आता पणजोबा रोगाने गलितगात्र होऊन धक्क्यावरच्या एखाद्या पडवीत पडून राहिले असतील. मारहाणीस कंटाळून उतरले असतील. दारूच्या गुत्त्यात शुद्ध हरपून बोट चुकली असेल. अथवा ठरवून, घरच्या माणसांना विसरून, नवे आयुष्य मांडावयास गेले असतील. या चारही गोष्टींसाठी कारकुनाजवळ शब्द एकच होता. ज्याने तो लिहिला त्याने पणजोबांना काही विचारले नव्हते. मग त्या एका शब्दावर आम्ही त्यांचा न्याय करावा काय?

मात्र येथे दुसऱ्या बाजूस घसरण्याचाही धोका आहे. कागद दुष्टांनी लिहिला, म्हणून त्यातले आमच्या सोयीचे नाही ते सारे खोटे, असे म्हणण्याचा मोह आम्हांस झाला. आमच्या एका बंधूंनी तर स्पष्टच सांगितले, "तो माणूस आपला नव्हेच. नावाचा घोटाळा आहे." आम्ही त्यांस विचारले, "अहो, याच कागदात 'बोटीवर धाडसाने प्राण वाचवताना बुडाला' असे असते, तर आपण घोटाळा म्हणाला असता काय?" ते काही बोलले नाहीत. पूर्वजांचा शोध घेताना आम्ही बहुधा सत्याचा शोध घेत नसतो, दागिन्याचा शोध घेत असतो. मूळपुरुष सरदार निघावा, निदान शूर खलाशी निघावा, अशी मनात इच्छा असते. तसे निघाले नाही की वही मिटून ठेवावीशी वाटते. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभू येशूची वंशावळ दिली आहे. तीत तामार आहे, राहाब आहे, उरीयाची पत्नी आहे. कोणाही लेखनिकाला ती नावे सहज गाळता आली असती. पुरुषांची नावे देऊन काम भागण्यासारखे होते. त्याने गाळली नाहीत. वंशावळ लिहावयाची तर कशी, याचा तो आम्हां सर्वांना घालून दिलेला कित्ताच समजावा.

आता अधिकाराचा प्रश्न. पणजोबांना जर खरोखरच नाहीसे व्हावयाचे होते, तर शंभर वर्षांनी त्यांना हुडकून काढणारे आम्ही कोण? हा प्रश्न आम्हांला काही दिवस फार टोचत होता. समुद्र ओलांडणाऱ्या अनेकांनी जुने नाव टाकून नवे घेतले. कोणी जात बदलून सांगितली, कोणी गाव. त्यांना मागचे सारे पुसावयाचे होते आणि त्यात प्रत्येक वेळी पापच होते असे नाही. कित्येकांच्या बाबतीत ती सुटका होती. अशा माणसाची वही उघडणे म्हणजे कुलूप लावलेली पेटी फोडण्यासारखे नाही काय?

पुष्कळ विचारान्ती आम्हांस जे उत्तर सुचले ते असे. पणजोबा एकटेच असते तर त्यांचे गुपित त्यांच्याबरोबर राहू देणे हाच सभ्यपणा ठरला असता. परंतु त्या एका ओळीला दुसरे टोक होते, आणि ते वसईत एका ओटीवर बसून होते. आमच्या पणजीचे नाव कोणत्याही जहाजाच्या यादीत नाही. जे गेले त्यांची वय, उंची, पगार यांसह नोंद झाली; ज्या किनाऱ्यावर राहिल्या त्यांची नोंद कोणत्याच बंदरात झाली नाही. पणजीने दुसऱ्याची भाताची कापणी केली, मळ्यात मजुरी केली, दोन्ही मुलांना वाढविले. पुनर्विवाह करावा असे तिच्या भावाच्या मनात एकदा आले होते म्हणतात. परंतु नवऱ्याच्या मृत्यूचा पुरावा कोठे होता? नुसता फार काळ परतला नाही म्हणून माणूस मेला असे ख्रिस्तसभा मानीत नाही आणि ते योग्यही आहे. तेव्हा ती ना सौभाग्यवती राहिली ना विधवा. अशा अवस्थेत ती चाळीस वर्षे जगली. पणजोबांना गुपित राखण्याचा जो अधिकार असेल तो असो. पणजीलाही सत्य कळण्याचा अधिकार होता आणि तो तिला जिवंतपणी मिळाला नाही. आम्ही कागद उघडला तो पणजोबांना पकडण्यासाठी नव्हे. तिचे जे देणे राहिले होते, त्याचा हिशेब पाहण्यासाठी, असे आता आम्हांला वाटते.

आणि तो शेजारच्या गावचा गृहस्थ? त्याला खरे काय ते ठाऊक असावे. 'पळाला' असे सांगितले असते तर पणजीच्या कपाळी टाकलेल्या बाईचा शिक्का बसला असता, मुलांना लोकांनी टोमणे मारले असते. 'समुद्राने नेला' म्हणताच गावाने तिला आधार दिला. त्याचे बोलणे असत्य होते, पण त्यात दया होती. कारकुनाचा शब्द बहुधा सत्य होता, पण त्यात दयेचा लवलेश नव्हता. दोहोंपैकी एकच निवडा म्हटले तर आम्ही अडखळतो. त्या गृहस्थाच्या दयेने पणजीची अब्रू राखली, हे खरे. तिच्या पायात चाळीस वर्षांची बेडीही त्याच दयेने घातली असेल. नवरा जिवंत असण्याचा संभव आहे हे तिला कळते, तर तिने शोध करविला असता, पत्र धाडले असते, कदाचित त्याला परत आणले असते. असत्यावर उभारलेली दया दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेऊन मोकळी होते, हा तिच्यातला दोष आहे. म्हणून आम्ही त्या गृहस्थास दोष देत नाही, पण त्याचे अनुकरणही करू इच्छीत नाही.

अनुकरणाची वेळ मात्र आमच्यावर लगेच आली. आत्याबाईंना सांगावे की नाही? घरात दोन तट पडले. या वयात कशाला, आयुष्यभर ज्या नावासाठी प्रार्थना केली त्या नावावर डाग कशाला, असे एका पक्षाचे म्हणणे. आम्ही मधल्या काळात आमच्या परिचयाच्या एका वृद्ध धर्मगुरूंना एक वेडगळ वाटेल असा प्रश्न विचारला. पणजोबा १९०७ नंतर पुष्कळ वर्षे जगले असतील तर त्यांच्या आत्म्यासाठी त्या काळात अर्पण केलेल्या मिस्सा वाया गेल्या काय? धर्मगुरू हसले. म्हणाले, "मिस्सा जिवंतांसाठीही अर्पण करतात, हे विसरलात वाटते? तुमच्या पणजीने मेलेला समजून ज्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याला जिवंतपणीच तिची अधिक गरज असेल. पत्ता चुकला म्हणून प्रार्थना परत येत नाही."

त्याच सुमारास प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय आमच्या वाचनात पुन्हा आला. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे जहाज वादळात सापडते, त्याचे वर्णन तेथे आहे. लूकने जहाजावरील माणसांचा आकडा दिला आहे : २७६. नावे मात्र दोनतीनच दिली आहेत. तीही एक प्रकारची जहाजाची यादीच. पूर्वी कधी लक्षात न आलेली एक गोष्ट या वेळी आमच्या नजरेत भरली. ऐन वादळात खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी पाण्यात सोडतात आणि जहाज टाकून पळू पाहतात. त्यांचा बेत उघडकीस येतो, होडीचे दोर कापले जातात. पुढे भोजनाच्या वेळी जी माणसे मोजली आहेत, त्यांत हे पळू पाहणारे खलाशीही आहेत. शेवटी जहाज फुटते; कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सारेच्या सारे तडीस लागतात. पळणारे म्हणून त्यांना कोणी आकड्यातून वगळले नाही. लूकने त्यांची लबाडी लपविली नाही आणि त्यांना मोजावयाचेही सोडले नाही. सत्य आणि दया एकाच कागदावर मावू शकतात, हे आम्हांला तेथे दिसले.

आम्ही आत्याबाईंना सांगितले. कागदाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली, ती ओळ वाचून तिचा अर्थ मराठीत सांगितला. त्यांनी बराच वेळ त्या न कळणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरविले. मग विचारले, "ह्यात आजीचं नाव कुठं हाय?" आम्ही म्हणालो, "नाही आत्या, ह्यात फक्त बोटीवरच्या माणसांची नावं असतात." त्या गप्प झाल्या. आमच्या मनात आले, सांगितले ते चुकले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आजी दर पावसाळ्यात, बोटी बंद झाल्या की, दारात दिवा ठेवायची. आम्हांला वाटायचं, बुडालेल्यासाठी ठेवते." एवढे बोलून त्यांनी कागद घडी करून आमच्या हाती दिला.

पणजीला काही ठाऊक होते की काय, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे यादी केली. ती चर्चच्या कचेरीत पोहोचविण्याचे काम आमच्याकडे असते. वाटेत आम्ही ती उघडून पाहिली. पहिल्या ओळीवर पणजोबांचे नाव जागच्या जागी होते. त्यापुढचे 'समुद्रात गेले' हे शब्द नव्हते. त्या जागी काहीच लिहिले नव्हते. दुसऱ्या ओळीवर, जी इतकी वर्षे तिसरी चौथी असे, तेथे पणजीचे नाव होते. आणि यादीच्या तळाशी, सर्व नावे संपल्यावर, थरथरत्या अक्षरांत एक नवी ओळ होती : 'तिकडे त्याचे कोणी असतील तर ते'.

मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावे स्मरणवहीत नोंदलेली आहेत. समुद्रावाचून ज्यांना दुसरी कबर नाही अशी ही माणसे आहेत. त्यांना नाव मिळाले, हे न्यायाचेच झाले. परंतु जे शत्रूच्या तोफेने मेले नाहीत, जे कोणत्याशा बंदरात उतरले आणि कोणाच्याच हिशेबात राहिले नाहीत, त्यांचे नाव कोण लिहिणार? आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांचे?

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा पूर्वज असेल. त्याचा शोध अवश्य घ्यावा. आता ते पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. मात्र वही उघडण्यापूर्वी एवढे मनाशी ठरवून ठेवावे की, जे निघेल ते आपले म्हणावयाचे. आपले नाव सापडले की पान उलटण्याची घाई करू नये. त्याच पानावर वरखाली जी नावे आहेत, ज्यांचा शोध घ्यावयास कोणी आलेले नाही, तीही एकवार वाचावीत. आणि घरी परतल्यावर, जिचे नाव त्या पानावर असणे शक्यच नव्हते, तिची आठवण करावी. पूर्वजांचे आम्ही काही देणे लागत असू तर ते हेच होय. त्यांची कीर्ती वाढविण्याची जबाबदारी आमच्यावर नाही, आणि त्यांचा निवाडा करण्याची तर मुळीच नाही. त्यांना यादीतून गळू न देणे, एवढेच आमच्याकडे आहे.

यंदाही नोव्हेंबर येईल. आत्याबाईंचा हात आता लिहू शकत नाही. त्या सांगतात आणि आम्ही लिहितो. शेवटची ओळ सांगावयास त्या विसरत नाहीत.